चला, खापरावरची पोळी खायला!

बालमित्रांनो, जळगाव स्टेशनवर उतरणारे पुष्कळ पाहुणे काय करतात, ठाऊक आहे? ते थेट अजिंठ्याची गाडी पकडतात. अजिंठा इथून साधारण 60 कि.मी. आहे. लेणी तर पाहायलाच हवीत, पण आपण मात्र दोन दिवस इथंच थांबू या. खान्देश पाहायचा तर डोळ्यांइतकीच जीभही तयार ठेवा बरं का!

पहिला मुक्काम जळगाव. इथल्या सराफ बाजारामुळे या गावाला 'सुवर्णनगरी' म्हणतात. लग्नसराईत लांबलांबची माणसं इथं दागिने घ्यायला येतात. तिकडे जपानमध्ये कानाझावा नावाचं असंच एक शहर आहे. जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख तिथं तयार होतो. फुंकर मारली तरी उडून जाईल इतका पातळ! ते शहर पाहायला गेलेला माणूस तिथली कारागिरीही पाहतो आणि तिथलं जेवणही जेवतो. मग आपण आपल्या गावांत तसंच का फिरू नये?

याच गावात बहिणाबाई चौधरी राहत होत्या. त्यांचं माहेर जवळच्या आसोद्याचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शेतात काम करता करता, जात्यावर दळता दळता त्या ओव्या रचत. घरच्यांनी त्या उतरवून घेतल्या, म्हणून 1952 साली त्यांचं पुस्तक निघालं. बहिणाबाई मात्र 1951 मध्येच गेल्या होत्या. कुणी लिहून घेतलं नसतं तर? ते सगळं धन त्यांच्याबरोबरच गेलं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यांच्या वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. शहराजवळच्या जैन हिल्सवर 2012 पासून 'गांधी तीर्थ' हे संग्रहालय आहे, तेही बघा.

भूक लागली ना? थंडीत आलात तर भरीत! इथली भरिताची वांगी चांगली मोठी आणि हिरवट-पांढरी असतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर ती भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात ठेचायची. मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात! सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून तिचं पीठ करतात.

आता एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याला जाऊ. अंतर सुमारे 90 कि.मी. पांझरा नदीकाठचं हे गाव. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जनं ते खान्देशाचं मुख्य ठिकाण केलं आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. इथं गल्ल्यांना चक्क नंबर आहेत, पत्ता शोधणं सोपं! इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रं गोळा करायचे. 1926 च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात तो ठेवा सांभाळला आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. पाहा, इथंही कुणीतरी लिहून घेतलं, म्हणून ते उरलं. महामार्गालगतचा लळिंगचा किल्ला चढायला मात्र सकाळीच निघा.

आणि आता आपल्या लेखाचा मानकरी, खापर! कुंभार माती मळतो, तिच्यात राख, लीद मिसळतो, मोठं पसरट भांडं घडवून भट्टीत भाजतो. हे भांडं चुलीवर पालथं ठेवायचं. पुरण भरलेली पोळी लाटून दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठी करायची. कोपरापर्यंत हात झाकले जातात! मग ती अलगद खापरावर टाकायची. माती सावकाश आणि सगळीकडे सारखी तापते, म्हणून एवढी पातळ पोळीही करपत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि घरोघरी ही पोळी आणि आमरस असतो.

पण मुलांनो, गॅसच्या शेगडीवर खापर नीट बसत नाही. चुली विझल्या, तशी खापरं माळ्यावर गेली. खापर कुणी मागितलं नाही, तर कुंभारानं ते घडवायचं कशाला? आणि हातावर पोळी फिरवायचं कसब पुस्तक वाचून येत नाही. ते आजीकडून नातीकडे, हाताला हात लावूनच येतं. एक पिढी चुकली की संपलं!

जपाननं 1950 साली कायदा करून कसबी कारागिरांच्या हातातली कलासुद्धा देशाचा ठेवा मानली. पुढे अशा कलावंतांना लोक 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणू लागले. आपण कायद्याची वाट कशाला पाहायची?

या आखाजीला एक करा. आजीला, मावशीला, शेजारच्या काकूंना विचारा, "तुम्हाला खापरावरची पोळी येते का?" येत असेल तर शेजारी बसा. पीठ किती भिजवायचं, जाळ किती ठेवायचा, सगळं वहीत लिहा. अहिराणी शब्द आले तर तसेच लिहा, 'आहे'ला 'शे' म्हणत असतील तर 'शे'च लिहा. मग स्वतः एक पोळी हातावर घेऊन पाहा. मुलग्यांनीसुद्धा, बरं का! पहिली फाटेल, दुसरीही फाटेल. फाटलेली पोळीही आमरसाबरोबर तितकीच गोड लागते!