क्रियापदाचे दुहेरी तुकडे

मराठी जशी लिहावी तशीच वाचावी, असें घरोघरीं अभिमानानें सांगितलें जातें. क्रियापदापुरतें तरी तें खरें नाहीं. ‘उतरतो’ या पदांत चार अक्षरें लिहिलेलीं असतात. मुखांतून मात्र उ-तर्-तो अशीं तीनच निघतात. ‘उतरून’ म्हणतांच तोच धातु उत्-रून असा दुभंगतो. पहिल्या रूपांत रकाराचा ‘अ’ लोपला, दुसऱ्यांत तकाराचा. शेवटाकडून मागें येतां दोन सस्वर अक्षरांच्या मधोमध सांपडलेला ‘अ’ बहुधा गळतो, पण लागोपाठ दोन गळत नाहींत. ‘समजतो’ आणि ‘समजून’ यांचीहि हीच कथा.

येथेंच व्याकरण आणि जिव्हा यांची फारकत होते. व्याकरण ‘उतर’ आणि ‘ऊन’ असें पद फोडतें; जिव्हा धातूचा रकार उचलून प्रत्ययाच्या पदरांत टाकते. इटालियन भाषेंतहि हेंच घडतें. ‘पार्लारे’ म्हणजे बोलणें. वैयाकरण पार्ल् आणि आरे असे तुकडे करील, बोलणारा पार्-ला-रे म्हणेल. तेथें स्वर गळत नाहीं, आघात हलतो: ‘पार्लो’ याच्या पहिल्या अक्षरावर जोर दिल्यास ‘मी बोलतों’, शेवटच्यावर दिल्यास ‘तो बोलला’!

१९९८ सालीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत हा विषय केवळ पंडितांचा राहत नाहीं. तेथील पुष्कळ मुलांच्या कानीं घरांत अहिराणी, पावरी, मावची अशा बोली पडतात, आणि शाळेंत पुस्तकी मराठी समोर येते. अहिराणींत तो करस, ती करस, मी करस, रूप एकच. उच्चार क-रस्. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणानें १९०७ सालीं खानदेशी बोलीला भिल्ली बोलींच्या पंक्तीला बसविलें होतें; तिचीं रूपें पुस्तकी मराठीहून किती निराळीं, हें यावरून ध्यानीं यावें. अशा घरच्या मुलाला ‘करतो’ आणि ‘करते’ हा लिंगभेद नव्यानें शिकावा लागतो, आणि शिवाय कोणता ‘अ’ गिळावयाचा हेंहि. पुस्तक त्याला तें सांगत नाहीं. मग तो उ-त-र-तो असें सुटें सुटें वाचतो आणि मंद ठरतो. वास्तविक तो लिहिलें आहे तेंच प्रामाणिकपणें वाचीत असतो.

त्याला नियम पाठ करावयास लावूं नये. मेजावर बोटानें ठेके धरावे: ‘उतरतो’ला तीन, ‘उतरून’ला दोन. आणि आरंभ करावा तो त्याच्याच ‘करस’पासून, त्यालाहि ठेके दोनच पडतात.