पी.ओ. बॉक्सचा पत्ता आणि आपले पार्सल



गेल्या गणेशोत्सवात एका आजींनी मंदिराच्या ऑनलाइन भांडारातून पूजासाहित्य मागवले. शाडूची लहान मूर्ती, जानवे, अष्टगंध आणि वाती. पत्ता त्यांनी नेहमीचाच दिला, पी.ओ. बॉक्सचा. आम्ही पार्सल खासगी कुरिअरने पाठवले आणि चतुर्थी उलटल्यावर ते मंदिरातच परत आले. आजींनी सुपारीचा गणपती मांडून पूजा केली. चूक त्यांची नव्हती, पत्ता न पाहता पार्सल पाठवणाऱ्या आमची होती.

आपले अनेक ज्येष्ठ सभासद पी.ओ. बॉक्स ठेवतात. कोणी काही महिने मुलांकडे किंवा भारतात असतात, तर कोणाच्या इमारतीतून टपाल चोरीला जाते. पत्रांसाठी ही सोय उत्तम आहे. पार्सलच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ही पेटी पोस्ट ऑफिसच्या आत असते आणि तिच्यात टपाल टाकण्याचे काम फक्त सरकारी पोस्टाचे, म्हणजे यूएसपीएसचे. यूपीएस किंवा फेडेक्सचा माणूस दारावर जाऊन वस्तू हातात देतो. पी.ओ. बॉक्सला दार नसते, म्हणून त्यांचे पार्सल अडकते, उशिरा पोहोचते किंवा परत जाते.

ऑर्डर देताना एवढे पाहावे:

१. दुकान पार्सल कोणामार्फत पाठवते, ते आधी पाहावे. यूएसपीएस असेल तर पी.ओ. बॉक्स चालतो. कुरिअर असेल किंवा काही लिहिलेच नसेल, तर घराचा पत्ता द्यावा.

२. घराचा पत्ता आणि पी.ओ. बॉक्स दोन्ही एकत्र लिहू नयेत. शहराच्या ओळीच्या लगेच वर जो पत्ता असतो, तोच पोस्ट धरते. शिवाय पी.ओ. बॉक्सचा झिप कोड घराच्या झिप कोडपेक्षा वेगळा असू शकतो. एकाचा पत्ता आणि दुसऱ्याचा झिप, अशी गल्लत हमखास होते.

३. मोठे पार्सल पेटीत मावत नाही. अशा वेळी पेटीत चिठ्ठी ठेवतात, ती खिडकीवर दाखवून पार्सल घ्यायचे. काही ठिकाणी पेटीत किल्ली ठेवतात, तिने शेजारचे मोठे कपाट उघडते. न नेलेले पार्सल काही दिवसांनी परत जाते, म्हणून गावाला जाण्यापूर्वी ऑर्डर देऊ नये.

४. इन्सुलिनसारखी थंड ठेवायची औषधे पी.ओ. बॉक्सवर मागवू नयेत. घरी कोणीतरी असेल अशा दिवशी ती घराच्या पत्त्यावरच यावीत.

५. घराचा पत्ता द्यायचाच नसेल, तर आपल्या पोस्ट ऑफिसात ‘स्ट्रीट अ‍ॅड्रेसिंग’ची सोय आहे का, ते विचारावे. ती सगळीकडे नसते. असेल तिथे एका फॉर्मवर सही करावी लागते. मग पोस्ट ऑफिसच्या इमारतीचा पत्ता आणि पुढे ‘#’ खूण करून पेटीचा क्रमांक लिहायचा. या पत्त्यावर कुरिअरचे पार्सलही घेतले जाते. पेट्या भाड्याने देणारी खासगी दुकानेही असा पत्ता देतात. तिथे ओळखीची दोन कागदपत्रे लागतात.

मंदिरानेही आपली पद्धत बदलली आहे. पी.ओ. बॉक्सच्या ऑर्डरी आता वेगळ्या काढून यूएसपीएसनेच पाठवल्या जातात. सणाच्या ऑर्डरी पाठवण्यापूर्वी कार्यकर्ते फोन करून पत्ता विचारून घेतात. आमच्या चुकीने परत आलेले पार्सल पुन्हा पाठवण्याचा खर्च मंदिर करते.

शेवटी दोन विनंत्या. तरुण सभासदांनी एखाद्या रविवारी आईवडिलांच्या फोनवर दुकानांमध्ये साठवलेले जुने पत्ते तपासून दुरुस्त करावेत. आणि ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी महिन्यातून एकदा आपल्या भागातील एखाद्या आजीआजोबांना पोस्ट ऑफिसात नेऊन आणावे. जड खोके उचलून घरापर्यंत पोहोचवणे हीसुद्धा सेवाच आहे. सेवेसाठी नाव मंदिराच्या कार्यालयात किंवा रविवारी आरतीनंतर भांडाराच्या टेबलावर नोंदवावे.

यंदा आजींची मूर्ती चतुर्थीच्या आधी घरी पोहोचावी, एवढीच बाप्पाचरणी प्रार्थना.

आपले नम्र,
भांडार सेवा समिती