एका घरात दोन चुली

धर्मोपदेशक किती खरा, हे प्रवचनापेक्षा त्याच्या स्वयंपाकघरात लवकर कळतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार विस्कटला. काही वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आली, पण नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली. लक्ष्मीबाईंचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी ते चालू दिलं. पुढे 1900 साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाने. मधल्या ताटातुटीचं काय, हा आक्षेप रास्तच आहे. नवऱ्याच्या श्रद्धेची किंमत बायकोने मोजली, आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत लक्ष्मीबाईंनी ती झाकलेली नाही.

धर्म बदलला की माणूस समाजाला परका होतो, असंही म्हणतात. टिळकांनी तर भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं. 1917 साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तो बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुला. टिळक 1919 साली वारले. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिलं.