जुन्या खेळण्यांतून गणपतीचा हलता देखावा

गणपतीच्या आधी पुण्या-मुंबईच्या बाजारात देखाव्याच्या हलत्या वस्तू मिळतात. इंदूर, बडोदा, हैदराबादकडे राहणाऱ्यांना त्या मिळतीलच असं नाही. पण माळ्यावरच्या खोक्यात टप फुटलेली, सेलवर चालणारी एखादी मोटारगाडी असेल, तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.

निम्मं का, ते सांगतो. खेळण्यातली छोटी मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, पण तिच्यात जोर थोडा असतो. तिच्यापुढची लहान-मोठी दातेरी चाकं वेग कमी करतात आणि त्या बदल्यात जोर वाढवतात. ही चाकं घरी बनवणं अवघड. खेळण्यात ती तयार बसवलेली असतात. म्हणून मोटर सुटी काढू नका, गाडीचा अख्खा सांगाडाच वापरा.

आता मोदकाकडे धावणारा आणि मागे सरकणारा उंदीर करू.

सांगाडा लाकडी ठोकळ्यावर पक्का बांधा. चाकं जमिनीला टेकता कामा नयेत. जे चाक मोटरवर फिरतं, त्यावर मध्यापासून 1 सेंटिमीटरवर एक छोटा स्क्रू बसवा. त्यात आइस्क्रीमची काडी भोक पाडून सैल अडकवा. काडीचं दुसरं टोक पुठ्ठ्याच्या उंदराला तसंच सैल जोडा. उंदराच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावा, म्हणजे तो सरळच सरकेल. चाक एकदा फिरलं की उंदीर 2 सेंटिमीटर पुढे जाऊन परत येतो. स्क्रू मध्यापासून जितका दूर, त्याच्या दुप्पट उंदराची धाव.

उंदीर फार घाईत वाटला, तर दोन सेलऐवजी एकच लावा आणि दुसऱ्याच्या जागी जाड तारेचा तुकडा बसवा. वेग साधारण निम्मा होतो. एका सेलवर चाक अडत असेल, तर आधी काडी कुठे घासते ते पाहा. मोटर अडकून राहिली की ती जास्त वीज ओढते आणि तापते.

ढोलकं वाजवणारं माकड असेल, तर आणखी सोपं. त्याच्या हातांची यंत्रणा आतच असते. वरची लोकर काढा, पुठ्ठ्याचा वारकरी चढवा, हातात टाळ द्या.

आता तीन नियम, आणि यात सवलत नाही. पहिला, घरातल्या विजेवर किंवा चार्जिंगच्या लिथियम बॅटरीवर प्रयोग करायचे नाहीत, साधे पेन्सिल सेलच वापरायचे. दुसरा, बटण सेल लहान मुलांच्या हाती लागू द्यायचे नाहीत. असा सेल गिळला, तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा. तिसरा, समई आणि निरांजन कापूस, कागद, पुठ्ठ्यापासून लांब ठेवा आणि घराबाहेर पडताना देखावा बंद करा. विसर्जनानंतर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून पट्ट्या गंजतात.

हे काम नातवंडांसाठी नव्हे, नातवंडांबरोबर करा. फौजेत नव्या जवानाला हत्यार देतात, तेव्हा त्याचं खोलना-जोडना आधी शिकवतात. ज्याने वस्तू स्वतः खोलली, तो ती अडली म्हणून घाबरत नाही. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंची खेळणी करून मुलांना विज्ञान दाखवलं, तेही असंच हाताने. मोडलं की फेकायचं, हे मुलं आपल्याकडूनच शिकतात. मोडलं की उघडून पाहायचं, हेही आपणच शिकवू शकतो.

तेव्हा स्क्रू मुलांना काढू द्या. वेळ लागेल, एखादा स्क्रू हरवेल. म्हणून काम गणपतीच्या आदल्या रात्री नको, पंधरा दिवस आधी सुरू करा. आणि मूर्ती आणण्यापूर्वी देखावा सलग तासभर चालवून बघा.

जय हिंद.