संगणकावर टाकलेला आकडा

चोरी नेमकी कशाची?

रस्त्यावरच्या तारेवर आकडा टाकून वीज घेणारा माणूस तुमच्या घरात शिरत नाही, कपाटही फोडत नाही. मायनिंग मालवेअरचं तसंच असतं. तुमचे फोटो आणि फायली त्याला नको असतात. त्याला हवा असतो तुमचा प्रोसेसर आणि त्या प्रोसेसरला लागणारी वीज. त्यावर ते आभासी चलन खणतं आणि खणलेलं चलन भलत्याच कुणाच्या खात्यात जमा होतं.

हे चलन बिटकॉइन असेल असं अनेकांना वाटतं, पण तसं क्वचितच असतं. बिटकॉइन खणायला आता खास त्याच कामासाठी बनवलेली यंत्रं लागतात. घरच्या संगणकाला तिथे कुणी विचारत नाही. चोरांची पसंती असते मोनेरोला. २०१४ साली आलेल्या या चलनात पैसे कुणी पाठवले, कुणाला मिळाले आणि किती, हे तिन्ही झाकलेलं राहतं. शिवाय २०१९च्या अखेरीपासून मोनेरो जी रँडमएक्स पद्धत वापरतं, ती मुद्दाम साध्या प्रोसेसरवर चांगली चालेल अशी रचलेली आहे. एक्सएमरिग हा ते खणण्याचा खुला आणि कायदेशीर प्रोग्रॅम. मालवेअरवाले बहुतेक वेळा तोच उचलतात आणि नाव बदलून तुमच्या संगणकात लपवतात.

यातून चोराला किती मिळतं? अव्हास्ट कंपनीने जून २०२१ मध्ये क्रॅकोनॉश नावाचं असं एक मालवेअर उजेडात आणलं. त्याने २,२२,००० हून अधिक संगणक पकडले होते आणि २० लाख डॉलरहून जास्त मोनेरो कमावले होते. भागाकार केला तर दर संगणकामागे जेमतेम नऊ डॉलर येतात. उलट बाजूने हिशोब करा. प्रोसेसर जादा ८० वॉट खात असेल आणि संगणक रोज दहा तास चालू असेल, तर महिन्याला २४ युनिट वाढतात. युनिटला दहा रुपये धरले तर २४० रुपये झाले, आणि हे जादा युनिट बिलाच्या वरच्या स्लॅबमध्ये जाऊन पडतात ते वेगळंच. म्हणजे चोराच्या पदरात एका संगणकामागे एकूण जेवढं पडतं, त्याहून जास्त तुम्ही काही महिन्यांतच भरता.

येतो कुठून?

एकेकाळी हा उद्योग ब्राउझरमधूनही चाले. २०१७ मध्ये कॉइनहाइव्ह नावाची सेवा निघाली. वेबसाइटवर एक छोटी स्क्रिप्ट टाकली की पान उघडं असेपर्यंत पाहणाऱ्याचा प्रोसेसर मोनेरो खणत बसे. फेब्रुवारी २०१८ मध्ये मजकूर वाचून दाखवणाऱ्या ब्राउझअलाउड या सेवेतच कुणीतरी ती स्क्रिप्ट घुसवली आणि चार हजारांहून अधिक वेबसाइट एका फटक्यात बाधित झाल्या. त्यात ब्रिटनमध्ये माहितीच्या गोपनीयतेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाची साइटही होती! मार्च २०१९ मध्ये कॉइनहाइव्ह बंद पडली. तेव्हापासून ब्राउझरचा धोका ओसरला आहे. पान बंद केलं की तो मायनर, म्हणजे चलन खणणारा प्रोग्रॅम, बहुधा थांबायचाही.

आजचा खरा दरवाजा म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर. क्रॅकोनॉश पसरलं ते ग्रँड थेफ्ट ऑटो ५, फार क्राय ५, सिम्स ४ अशा खेळांच्या क्रॅक केलेल्या प्रतींमधून. ३१ डिसेंबर २०२४ला सुरू झालेल्या आणि कॅस्परस्कीने उघड केलेल्या एका मोहिमेत बीमएनजी ड्राइव्हसारख्या खेळांमधून मायनर येत होता. तो आधी प्रोसेसरचे कोअर मोजायचा आणि आठपेक्षा कमी असले तर कामच करायचा नाही. गेमिंगसाठी हौसेने घेतलेला महागडा संगणक चोरालाही आवडतो, तो असा.

क्रॅक वापरत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. २०२२ मध्ये चेक पॉइंट कंपनीने नायट्रोकोडचं प्रकरण बाहेर काढलं. गूगल ट्रान्सलेटचं डेस्कटॉप ॲप म्हणून लोक ते उतरवून घेत होते, आणि गूगलचं तसं ॲपच नाही. हा प्रोग्रॅम कित्येक आठवडे गप्प बसून मग मायनर आणायचा. तोवर कारण आणि परिणाम यांचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नसे.

आपल्याकडे आणखी एक वाट आहे. संगणक जुळवून देणारा ‘विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं टाकून दिलंय’ असं म्हणतो, तेव्हा त्यातलं किती विकत घेतलेलं आहे हे आपण विचारत नाही. विकत न घेतलेलं सॉफ्टवेअर चालू करून देणारा ॲक्टिव्हेटर चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. तेवढ्या वेळात काहीही आत येऊ शकतं.

लक्षणं कशी ओळखावीत?

काहीच उघडलेलं नसताना पंखा घोंघावतो, लॅपटॉप तापतो, बॅटरी भराभर उतरते, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. पण नुसत्या एवढ्यावरून निदान करू नका. विंडोज अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी, फायलींची सूची बनवणं ही कामंही प्रोसेसरला काही काळ घाम फोडतात, आणि पंख्यात साचलेली धूळ तर मायनरपेक्षा कितीतरी जास्त घरांत सापडेल. आणखी एक: टास्क मॅनेजरमधल्या चालू प्रोग्रॅमच्या यादीत ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’समोर ९५ टक्के दिसले की काहीजण हादरतात. तो आकडा प्रोसेसर किती रिकामा आहे हे सांगतो. तिथे जितका मोठा आकडा, तितकं बरं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, असा सल्ला सगळेच देतात. चोरांनाही तो ठाऊक आहे. अनेक मायनर टास्क मॅनेजर उघडताक्षणी काम थांबवतात आणि बंद केला की पुन्हा सुरू करतात. म्हणूनच टास्क मॅनेजर उघडल्यावर दर वेळी पंखा शांत होत असेल, तर हाच सर्वांत बोलका पुरावा समजा. खात्री करायची असेल तर तापमान नोंदवणारं एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत साधन तासभर मागे चालू ठेवा, संगणकाला हात लावू नका आणि मग सरासरी पाहा. रिकामा संगणक तासभर ८० अंशांवर राहत नाही.

मेमरीकडेही लक्ष द्या. रँडमएक्सला पूर्ण वेगाने चालायला दोन जीबीहून थोडी जास्त रॅम लागते. अनोळखी प्रोग्रॅम एवढी रॅम अडवून प्रोसेसरही खात असेल तर संशयाला जागा आहे. नाव ओळखीचं असलं तरी पत्ता तपासा. एसव्हीसीहोस्ट हा विंडोजचाच प्रोग्रॅम आहे, पण तो विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरमधून चालतो. ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरमधून चालत असेल तर तो तोतया.

अँटिव्हायरस आपोआप बंद पडणं किंवा अँटिव्हायरस कंपन्यांच्याच वेबसाइट न उघडणं, हे दुखणं पुढच्या पायरीवर गेल्याचं लक्षण आहे.

काढायचा कसा?

इथे क्रम महत्त्वाचा. नुसती फाइल शोधून पुसली तर दुसऱ्या दिवशी ती परत हजर होते, कारण तिला आणणारा वेगळाच असतो.

आधी अँटिव्हायरस अद्ययावत करा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ऑटोरन्स हे मोफत साधन उतरवा आणि मग इंटरनेट तोडा. मायनरला कामही नेटवरूनच मिळतं आणि कमाईही नेटवरूनच जाते.

विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा आणि सर्वांत आधी ‘एक्सक्लुजन्स’ची यादी पाहा. तपासणीतून वगळलेल्या जागा तिथे असतात. अनेक मायनर आत आल्याआल्या स्वतःचं फोल्डर, कधी अख्खी सी ड्राइव्ह, या यादीत घालतात. मग तुम्ही दहा वेळा स्कॅन केलं तरी निकाल ‘काहीही सापडलं नाही’ असाच येणार. तुम्ही स्वतः न घातलेली प्रत्येक नोंद काढा. त्यानंतर तिथलाच ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासणी करतो, त्यामुळे मायनरला लपायला वेळ मिळत नाही.

पुढचं काम ऑटोरन्सचं. संगणक सुरू होताना आपोआप काय काय चालतं, ते सगळं तो एका यादीत दाखवतो. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा म्हणजे यादी आवाक्यात येते. ‘शेड्युल्ड टास्क्स’ आणि ‘सर्व्हिसेस’ हे भाग नीट वाचा; परत येणारे मायनर बहुतेक इथूनच येतात. संशयास्पद नोंदीपुढची बरोबरची खूण आधी फक्त हटवा आणि संगणक पुन्हा सुरू करा. सगळं सुरळीत चाललं तरच ती पुसा. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्सही काढून टाका. मग पूर्ण स्कॅन पुन्हा चालवा आणि दोन-तीन दिवस तापमानावर नजर ठेवा.

पुन्हा विंडोज टाकावं का?

मायनरने अँटिव्हायरस निकामी केला असेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे: टाकावं. क्रॅकोनॉश संगणकाला सेफ मोडमध्ये नेऊन डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरसच काढून टाकायचं. एवढी मुभा ज्याला मिळाली, त्याने आणखी काय करून ठेवलं असेल ते शोधत बसण्यापेक्षा एक संध्याकाळ खर्च केलेली बरी. कागदपत्रं आणि फोटो काढून घ्या, इन्स्टॉलर आणि क्रॅकच्या फायली मात्र घेऊ नका. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेनड्राइव्ह बनवा आणि जुनी पार्टिशन पुसून त्यावरून नव्याने बसवा.

ईमेल आणि बँकेचे पासवर्डही बदला, आणि ते दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून. मायनरच्या जोडीने पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम येणं नेहमीचं आहे.

मदत आणि तक्रार

केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मालवेअर काढण्याची साधनं मोफत मिळतात. त्यात पुण्याच्या क्विक हीलचंही आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात असा प्रोग्रॅम घुसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते, आणि खात्यातून पैसे गेले असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३० वर फोन करा. एक मात्र सांगून ठेवतो: नव्या विंडोजवर तोच जुना ॲक्टिव्हेटर चालवणार असाल, तर वरची खटपट करूच नका.