पंचेचाळीस गाठींचं चऱ्हाट

जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत, चौथीच्या फळ्याशेजारी खुंटीला घायपाताचं एक चऱ्हाट अडकवलेलं असतं. त्याला मीटरा-मीटरावर गाठी आहेत. दर दहाव्या गाठीला लाल चिंधी आहे. शेवटची गाठ पंचेचाळिसावी.

संपादकांनी मला पाठवलं होतं ते शैक्षणिक सहलींवर लिहायला. डिसेंबर-जानेवारीत राज्यभर शाळांच्या गाड्या निघतात, त्या कुठे जातात, मुलं काय बघतात, असा साधा विषय होता. पण या शाळेत गेले आणि चऱ्हाटापाशीच थांबले. सहल म्हणजे लांब जाऊन येणं, ही माझी समजूत या वर्गाने मोडून काढली.

शाळेचा अधिकृत इतिहास चार ओळींचा आहे. आधी लोकल बोर्डाची शाळा, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर झेडपीची. आधी देवळात भरायची, मग कौलारू खोलीत, आता स्लॅबच्या दोन खोल्यांत. दोन शिक्षक, चार वर्ग, पट पंचविसाच्या आसपास. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. तिसरी-चौथी ज्यांच्याकडे आहे त्या शिक्षिकेला मुलं नुसतं ‘बाई’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मुलांना चार भिंतींबाहेर नेण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा कुरणात न्यायची. बाईंच्या वर्गात ताराबाईंचा फोटो नाही, त्यांचं नावही बोलण्यात फारसं येत नाही. पण जात तीच आहे.

चऱ्हाटाची गोष्ट अशी. चौथीला लांबीचं मापन शिकवताना पट्टी आणि टेप पुरत नाहीत, मोठं अंतर मुलांच्या डोळ्यांपुढे उभं राहत नाही. म्हणून बाईंनी एका पालकाकडून चऱ्हाट घेतलं आणि मुलांकडूनच गाठी मारून घेतल्या. पहिलाच धडा गाठीने दिला. मीटरपट्टी लावून खूण करायची आणि खुणेवर गाठ मारायची, असं केलं की गाठ स्वतः दोरी खाते आणि पुढची खूण मागे सरकते. त्यामुळे आधी गाठ मारून मग मापावं लागतं, सैल करून सरकवावं लागतं, पुन्हा मापावं लागतं. दरवर्षी नव्या चौथीचं पहिलं काम हेच: जुनं चऱ्हाट जमिनीवर पसरायचं, मीटरपट्टीने एकेक गाठ तपासायची, सरकलेली पुन्हा मारायची.

दुसरा धडा पावसाने दिला. उन्हाळ्यात शाळेचं मैदान अडतीस गाठींचं होतं. श्रावणात ओल्या चऱ्हाटाने मापलं तर ते एकोणचाळीस भरलं. मुलांनी दोन दिवस वाद घातला. मैदान वाढलं म्हणणारा एक गट होता, मापणाऱ्यांनी घोळ केला म्हणणारा दुसरा. बाई काही बोलल्या नाहीत. चऱ्हाट उन्हात वाळवून पुन्हा मापायला सांगितलं. घायपाताचा दोर भिजला की आखडतो, गाठी जवळ येतात आणि तीच जागा जास्त गाठींची होते, हे मुलांनी शोधलं. मापायचं साधनच बदलू शकतं, ही गोष्ट मला विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात समजली होती. या मुलांना ती नवव्या-दहाव्या वर्षी समजली, आणि तीही स्वतःच्या भांडणातून.

पंचेचाळीस हा आकडा मात्र खोडदहून आला आहे. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, याच तालुक्यात आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. एकूण ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या आवारात आहेत, उरलेल्या १६ तीन दिशांना इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या, २५ किलोमीटरच्या टापूत. नारायणगावाकडून येता-जाता मुलांना त्या दिसतात. लांबून दिसतात म्हणून लहान वाटतात. त्यांचं खरं आकारमान मुलांच्या अंगात उतरावं म्हणून चऱ्हाट ४५ मीटरचं.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदची दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. त्याआधी बाईंनी शाळेशेजारचं, हरभरा काढून मोकळं झालेलं रान मागून घेतलं. मधोमध खुंटी ठोकली. चऱ्हाट मधोमध दुमडलं की त्रिज्या मिळते, हे सांगावं लागलं नाही. एकाने टोक खुंटीला धरलं, दुसरी दोर ताणून पळत सुटली, तिच्यामागून तिसरा फक्की टाकत गेला. वर्तुळ जरा वाकडं झालं, कारण ढेकळांत दोर अडकत होता. मग शाळेतली सगळी मुलं, पहिलीची चिल्लीपिल्लीसुद्धा, हात पसरून फक्कीच्या रेघेवर उभी राहिली. पाव वर्तुळही भरलं नाही. “बाई, सगळा गाव बोलवायला पायजे,” एक मुलगी म्हणाली.

रानाचे मालक बांधावर उभे होते. बाईंनी विचारलं, “आबा, यात किती रान गेलं?” आबांनी नजर फिरवली आणि म्हणाले, “पंधरा-सोळा गुंठं.” मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. ४५ मीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १,५९० चौरस मीटर, म्हणजे पावणेसोळा गुंठे. चौथीला वर्तुळाचं क्षेत्रफळ नाही, पण गुंठा मुलांच्या घरातला आहे. एका डिशखाली सोळा गुंठे, अशा तीस डिश. घरी जाऊन प्रत्येकाने एकरांचा हिशेब केला.

म्हणूनच ती मुलं खोडदला पोचली तेव्हा त्यांचं बघणं वेगळं होतं. इतर शाळांची मुलं मान वर करून ‘बापरे’ म्हणत पुढे सरकत होती. या वर्गाचं लक्ष जाळीवर गेलं. ही डिश भरीव पत्र्याची नाही, ताणलेल्या पोलादी दोऱ्यांवर बारीक तारेची जाळी बसवलेली आहे. वारा आरपार जातो, वजन कमी राहतं, खर्च वाचतो. आणि आकाशातून येणाऱ्या ज्या लहरी इथे पकडायच्या त्या जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी लांब असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने ती जाळी अखंडच असते. माहिती देणारा तरुण हे सगळं नेटकं सांगत होता. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलाने विचारलं, “या दोऱ्या पावसात आखडत नाहीत का?”

तरुण क्षणभर थांबला. मग म्हणाला, पावसाने नाही, पण उन्हाने वाढतात. ४५ मीटरच्या पोलादी दोरीत वीस अंशांच्या फरकाने एखाद-दीड सेंटिमीटर. मुलाने हाताच्या बोटांत एवढं अंतर धरून बघितलं आणि मान हलवली. सहलीचा अहवाल, फोटो, प्रमाणपत्र यांतलं काहीही या प्रश्नाच्या जवळपास येत नाही.

वर्गाच्या बाकीच्या भेटी बहुतेक चालत जाण्याच्या आहेत. दूध संकलन केंद्रावर आजोबांच्या दुधाची फॅट यंत्रावर ३.५ कशी येते आणि त्यावर भाव कसा ठरतो, हे मुलं बघतात. दशांश चिन्ह पुस्तकात अजून आलेलं नसतं, पावतीवर मात्र असतं. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात त्यांनी कॅरेट मोजली आणि घरच्यांना विचारून भाव लिहून आणले. २०२३ च्या जुलैत वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांवर भाव मिळाला आणि पुढच्या दोन महिन्यांत तो कोसळला, हे या मुलांना कुणी सांगावं लागत नाही. चौथीचं पुस्तक शिवछत्रपतींचं, त्यामुळे शिवनेरी आलाच. तिथे १९ फेब्रुवारीची गर्दी टाळून बाई आधीच्या एखाद्या दिवशी जातात आणि गंगा-जमुना टाक्यांपाशी सगळ्यांना बसवून एकच प्रश्न टाकतात: एवढ्या उंचावर पाणी कुठून आलं?

नाणेघाटाची भेट मला फार आवडली. सातवाहनांच्या काळातल्या, नागणिका राणीच्या त्या ब्राह्मी लेखात यज्ञांत दिलेल्या गाईंचे आणि कार्षापणांचे आकडे कोरलेले आहेत. तिथे शून्य नाही. शंभराला वेगळं चिन्ह, हजाराला वेगळं. परत आल्यावर बाईंनी मुलांना शून्य न वापरता १,७०० लिहून दाखवायला सांगितलं. मुलांनी स्वतःची चिन्हं बनवली, भांडली, थकली आणि शेवटी शून्याचं महत्त्व कबूल केलं. स्थानिक किंमत शिकवण्याची याहून चांगली जागा महाराष्ट्रात असेल असं मला वाटत नाही.

आता अडचणींकडे यायला हवं, कारण हे सगळं किती पातळ धाग्यावर चाललं आहे ते बघून मी अस्वस्थ होऊन परतले.

पहिली अडचण बिबट्या. जुन्नरचा ऊस हे बिबट्याचं घर आहे. माणसांवर हल्ले झाले आहेत, लहान मुलंही गेली आहेत. माणिकडोहला वन विभागाचं बिबट निवारा केंद्र आहे, त्याच्याबद्दल मुलांना सगळं माहीत आहे. सहलींचे महिने तेच ऊसतोडीचे महिने. फड मोकळा होतो तसा बिबट्या उघड्यावर येतो. चालत जायच्या भेटी आता दुपारीच उरकाव्या लागतात, घोळक्याने, मोठ्याने बोलत, मागे-पुढे एकेक मोठं माणूस ठेवून. मोठं माणूस मिळालं नाही की भेट रद्द.

त्याच महिन्यांत ऊसतोड कामगारांची दोन-चार मुलं कोपीवरून वर्गात येऊन बसतात. गाठी मारण्यात त्यांच्यातला एक मुलगा साऱ्या वर्गाच्या पुढे होता. त्याने मारलेली गाठ सरकत नाही, म्हणून चिंध्यांच्या गाठी त्याच्याकडेच दिलेल्या. कारखान्याचा पट्टा पडला की ही मुलं निघून जातात.

दुसरी अडचण माणसांची. शाळेत शिक्षक दोनच. एक चौथीला घेऊन बाहेर गेला तर दुसऱ्याने तीन वर्ग सांभाळायचे, आणि तो प्रशिक्षणाला गेलेला असला तर सगळी शाळाच बाहेर न्यायची किंवा कुणीच जायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. प्रत्यक्षात मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी आणि रोज नवं अ‍ॅप. बाई शाळा सुटल्यावर फोनवर माहिती भरत बसतात, ते मी पाहिलं.

तिसरी अडचण गाडीची, आणि ही सुटण्यासारखी असूनही कुणी हात घालत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेली पुण्याची कॉलेजची मुलं बुडाली, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. व्हायलाच हवे होते. पण ते नियम लांबच्या, मुक्कामी, समुद्र-डोंगराच्या सहली डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. टोमॅटो बाजाराला जायचं तरी संमतीपत्रं, प्रस्ताव, वरपर्यंत मंजुरी. एसटी शाळेच्या सहलीला पन्नास टक्के सवलत देते, हे चांगलंच आहे. पण पैसे भरायचे ते पूर्ण गाडीचे, तेही किमान किलोमीटरच्या हिशेबाने. दोनशे मुलांच्या शाळेला ते परवडतं. पंचवीस मुलांच्या शाळेत तीच रक्कम पंचविसांत वाटली जाते आणि तालुक्याच्या आतली भेट लांबच्या सहलीएवढी महाग पडते. खोडदच्या वेळी कमी पडलेले पैसे बाईंनी स्वतः घातले.

धोरणात जागा आहे असं दिसतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, पण ते सहावी ते आठवीसाठी. राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आहे, पण त्याला गाडी नाही, पैसा नाही. आणि वर डोक्यावर टांगती तलवार पटाची. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा राज्यात अशा शाळा पंधरा हजारांच्या घरात होत्या. या शाळेचा पट विसाच्या थोडाच वर आहे. चार-पाच घरांनी मुलं इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसवली की हीही शाळा त्या यादीत जाईल. समूह शाळेत इमारत मोठी असेल, संगणक असतील. शेजारचं हरभऱ्याचं रान आणि बांधावर उभे आबा नसतील.

माझी मागणी छोटी आहे. तालुक्याच्या आतल्या, दिवसा जाऊन दिवसा परतण्याच्या भेटींना केंद्रप्रमुखांच्या पातळीवरच मंजुरी मिळावी. दर तालुक्याला एसटीची एक गाडी आठवड्यातून एक दिवस लहान पटाच्या शाळांसाठी राखून ठेवावी, दोन-तीन शाळा मिळून ती भरेल, आणि तिचं भाडं जिल्हा परिषदेने द्यावं. वाचकांपैकी कुणाचं रान, डेअरी, गिरणी, कारखाना, वर्कशॉप शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर वाट बघू नका. शाळेत जाऊन सांगा की तुमचा वर्ग आमच्याकडे आणा, आणि वाटेत सोबतीला एक मोठं माणूस आम्ही देतो. सध्या या शाळेच्या भेटी अडतात त्या बहुतेक वेळा या एका माणसावाचून.