कूलंट सांडलं तर लगेच उचला, मांजर-कुत्र्याच्या जिवाशी गाठ आहे



ग्वाल्हेरची थंडी आली की मासळीच्या टेम्पोचं, जनरेटरचं कूलंट बदलायचं काम निघतं. जुनं कूलंट अंगणातच सोडलं जातं, कॅन उघडा राहतो. आपल्या घरांत मासळीमुळे मांजरं कायम घुटमळतात, राखणीला कुत्रीही असतात. धोका त्यांना आहे.

बऱ्याच कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोडसर लागतं, म्हणून जनावर चाटतं. पंजाला लागलं तर मांजर अंग चाटताना पोटात घेतं. तीन किलोच्या मांजराला चहाचा एक चमचा निव्वळ ग्लायकॉल जीव घ्यायला पुरतं. पाणी मिसळलेलं असेल तर दोन-तीन चमचे.

सुरुवातीला जनावर दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, उलट्या करतं, सारखं पाणी पितं. मग काही तासांनी बरं वाटतंय असं दिसतं. इथेच माणूस फसतो! आत विषाचे खडे मूत्रपिंडात साचत असतात. दीड-दोन दिवसांत लघवी बंद होते, मग फारसं हाती उरत नाही.

उतारा आहे, पण वेळेवर दिला तरच. मांजराला साधारण ३ तासांत आणि कुत्र्याला ८ ते १२ तासांत उपचार सुरू व्हायला हवेत. चाटताना पाहिलं तर लक्षणांची वाट बघू नका. लगेच १९६२ ला फोन करा किंवा थेट पशुवैद्याकडे न्या, कॅनचं लेबल सोबत घ्या. घरी दूध, मीठ-पाणी, दारू काही पाजू नका.

हे करा:
• जुनं कूलंट भांड्यात धरा, झाकण लावून गॅरेजवाल्याला द्या. नाल्यात किंवा तलावात ओतू नका.
• सांडलं तर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून उचला, पिशवीत बांधा, मग जागा पुसा.
• पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच भरू नका, लहान मुलं पितील.

मुलांचं उगाच म्हणत नाही. २०२५ साली आपल्याच मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या औषधात याच जातीचं डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. मूत्रपिंडं निकामी होऊन लहान मुलं दगावली. मुलाच्या पोटात गेलं तर १०८ ला फोन करा.

टेम्पोच्या ड्रायव्हरला आणि जनरेटर बघणाऱ्या पोराला हे वाचून दाखवा.

आपला,
सचिव